हात खिशात

डंडीत नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं.
स्ट्रुअन आधी दिवा लावतो, मग ॲप्रन बांधतो,
मग भिंतीवरच्या फोटोंसमोर उभा राहतो:
गाजर. सोलणं. मसूर, दोन निळे कप.
अक्षरं त्याच्याशी कधी धड बोललीच नाहीत,
फोटो बोलतात.

शेगडीच्या बटणाशी मी लाल ठिपका चिकटवलाय.
इथवरच, पुढे नाही.
एवढंच माझं काम, आणि उरलेला वेळ
हात खिशात ठेवायचे.

सोपं नसतं ते. सुरी बोटाला घसटून जाते
आणि "अरे" माझ्या घशात अडकतं.
एका गाजराला नऊ मिनिटं.
माझी एव्हाना भांडीसुद्धा घासून झाली असती.
एकेचाळीस वर्षं हेच घाईचे हात त्याच्याभोवती,
आईचे, संस्थेचे, बहिणीचे,
सगळे मायेचेच.

आज कांदा करपला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे.
बराच वेळ नुसती चरचर.
मग त्यानंच बटण मागे फिरवलं,
काळं काळं वेचून बशीत काढलं
आणि म्हणाला,
"आयोना, तुझ्या फोटोत वास नाहीये."

खरंच नव्हता.

सूप दाटलं, चमचा उभा राहील इतकं.
सवयीनं मी वाडगे काढायला उठले.
"बस," तो म्हणाला, "पाहुणे उठत नाहीत."

मीठ जरा कमी होतं.
मी मागितलं.
त्यानं आपल्या वाडग्यातली चव घेतली, डोळे मिटून,
सावकाश,
आणि नाही म्हणाला.