पाच अँपिअर

आमच्या जिन्याखाली जनरेटरवाल्याची पेटी आहे,
तिच्यातून घरटी एकेक वायर वर चढते.
आमच्या वाट्याला पाच अँपिअर.
फ्रिज चालू असताना इस्त्री लावली
की खट्.
मग कुणीतरी चपला शोधायच्या
आणि चार मजले उतरायचे.
बहुतेक वेळा मीच.

म्हणून बाबांच्या चारशे बारा कॅसेटी उतरवून
ठेवायच्या कशात, हा प्रश्न
मी पहिल्यापासून वॉटमध्येच विचारला.

बुर्ज हम्मूदमधली किती लग्नं त्यांनी काढली,
एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर बॅटरीचा पट्टा.
नवऱ्या मुली आता मॉन्ट्रियलला, सिडनीला,
आणि इथे त्यांच्या फिती बुरशीने पांढऱ्या,
पिठीसाखर भुरभुरल्यासारख्या.

हाराउत म्हणाला, माझा जुना टॉवर ने, फुकट.
मीटर लावला: काही न करता, नुसता बसून
नव्वद वॉट.
खायला काळ नि भुईला भार.
परत नेऊन दिला, तेव्हा तो थोडा रुसला.

दुकानदार मिसाकने आठ कप्प्यांचं कपाटच दाखवलं.
पुढचा विचार करा, म्हणाला.
पुढचा विचार!
हत्ती झुलवायला दार तरी हवं,
आमच्या दारात पाण्याचे कॅन आहेत.

मी वहीत तीन रकाने आखले:
बसून किती, चालून किती,
आणि उठताना किती.
कारण तबकडी जागी होताना एक मोठा घोट घेते,
दोन एकदम उठल्या की दोन घोट,
आणि नेमकं तेव्हाच शेजारी कुणी केस वाळवत असतं.

शेवटी एका बंद पडलेल्या बँकेतून निघालेला डबा घेतला,
प्रार्थनेच्या पुस्तकाएवढा, पंखा नसलेला.
आत दोन लॅपटॉपच्या तबकड्या, मिताहारी,
काम नसलं की आपणहून निजणाऱ्या.
बसून सहा, चालून अकरा.
आणि मुख्य म्हणजे बारा व्होल्टवर चालतो,
थेट बॅटरीवर,
मध्ये इन्व्हर्टरची दलाली नाही.

दुबळा आहे, तेही सांगते.
मॉन्ट्रियलहून आझनीवचा निरोप आला, नवरदेव अडकलाय.
बघितलं तर खरंच
चर्चच्या पायरीवर एक पाय उचलून उभा,
बत्तीस वर्षांपूर्वीचा पाय,
आणि खाली गोल गोल फिरणारं चाक.
आयत्या वेळी दळून द्यायची ताकद नाही या जात्यात.
तेव्हापासून सरकारी वीज येते त्या दीड तासात
हाराउतकडे जाऊन मी एकेक लग्न
आधीच बारीक दळून आणते.
त्याच्याच टॉवरवर. आता तो रुसलेला नाही.

बाबांनी डबा उलटासुलटा करून पाहिला.
"किती खातो?"
"सहा."
"आणि आईच्या फोटोपुढचा दिवा?"
"पाच."
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"तिला नेहमी कमीच लागायचं."

डब्याच्या हिरव्या ठिपक्याने झोप येत नाही
म्हणून त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली.
दुसऱ्या दिवशी काढली. पुन्हा लावली.
मी त्यात पडले नाही.

काल रात्री खट्.
फ्रिज गप्प, पंखा गप्प, आईपुढचं काळं.
फक्त तो ठिपका, पट्टी नसलेला,
आणि कान देऊन ऐकलं तर
एक तबकडी फिरत होती:
सिडनीत दुपार असणार,
कुणीतरी आपलं लग्न बघत होतं.

अंधारातून बाबा म्हणाले,
"दिवा मिळतो का गं, बारा व्होल्टचा?"

सहा आणि पाच अकरा.
बॅटरी सात तास पुरते,
मग किती पुरेल, मी मनात भागाकार करत राहिले,
हातात एकच चप्पल,
आणि खालून कुणीतरी ओरडत होतं
की या वेळी इस्त्री कुणाची.