उलटा आकडा

त्या रात्री ठाण्यात मीच होतो.
हे आधी सांगून टाकतो, कारण पंचनाम्यात ते येत नाही.

पहाटे पावणेपाचला, वेंगुर्ल्याच्या बाजारात,
मनोरमा कुबल, वय बासष्ट, धंदा मासेविक्री,
बर्फाचे आणि टेम्पोचे पैसे काढायला
एटीएमच्या काचेआड शिरली.
टोपली बाहेर, चपला बाहेर,
देवळात जावं तशी.

आत एसीची गुरगुर, मेलेले पतंग,
कोपऱ्यात एक बेडूक, गारव्याला आलेला.
मागून दोघे. एकाच्या डोक्यावर हेल्मेट,
दुसऱ्याच्या हातात सुरा.
"बोथट होतो," ती मला नंतर म्हणाली,
"त्या झिलान जल्मात बांगडो कापूक नाय."

आणि तिला आठवला मेसेज.
बंदराच्या ग्रुपवर सगळ्यांनाच आला होता:
चोर मागे उभा असेल तर पिन उलटा दाबा,
पैसे येतील, पण पोलिसांनाही कळेल,
यंत्र तुमच्या वतीने गुपचूप ओरडेल.
खाली जोडलेले हात, तीन गुलाब,
जनहितार्थ.
पाठवणारा: मी.
मला तो मेव्हण्याकडून आला, त्याला कणकवलीतल्या कुणाकडून.
भरतीबरोबर काय काय वाहत येतं,
मूळ कोण शोधतो.

मनोरमाबाईंना आकडे येत नाहीत, जागा येतात.
वरचा डावा कोपरा, खालचा उजवा,
तिथेच पुन्हा, मग परत वर.
बंदरातून निघाली, दर्यात थांबली,
जरा अजून थांबली, बंदरात आली.
एक नऊ नऊ एक.
नवऱ्याने होडी पाण्यात घातली ते साल,
पुतण्याने बसवून दिलेलं, विसरायला नको म्हणून.

सुरा पाठीशी. तिने धीर धरला,
आणि शेवटापासून मोजत, एकेक जागा उलटी:
वर, खाली, खाली, वर.

यंत्राने तिला लगेच ओळखलं.
आठ हजार, करकरीत.
वर विचारलंही: पावती हवी का?
तिने हो दाबलं.
ती पावती फाईलीत आहे, टाचणी लावून.
अजून तिला खवल्यांचा वास येतो.

मग ती पायरीवर बसून राहिली.
वीस मिनिटं. आमची वाट बघत.
ठाणं तिथून चालत सहा मिनिटांवर.
मी चहा गाळत होतो. फोन टेबलावर होता,
वाजला नाही.
शेवटी तीच आली, टोपलीसकट:
"उलटो दाबलंय मी. मगे तुमी कित्या येवक नाय?"

बँकेच्या साहेबांना विचारलं, कागद व्हायला हवा म्हणून.
ते म्हणाले, अहो, असं काही नसतंच.
उलटा पिन म्हणजे नुसता चुकीचा पिन,
तीनदा चुकलात की कार्ड बंद,
आणि पाठीला सुरा असताना
तीनदा चुकायला वेळ कुणाकडे?
आधी दोनदा कॅन्सल दाबा म्हणतात, तेही थोतांड.
वरचा कॅमेरा? खाऱ्या वाऱ्याने त्याला मोतीबिंदू.
पैसे देऊन टाकायचे. बाहेर पडायचं. मग फोन.
मी हे जसंच्या तसं टाईप करून ग्रुपवर टाकलं.
निळ्या खुणा आल्या. पुढे कुणी धाडलं नाही.
त्यात गुलाब नव्हते.

जबाब घेताना विचारावंच लागलं,
हा मेसेज तुम्हाला कुणी पाठवला?
तिने माझ्या पेनाकडे बघितलं.
"तुमीच. पोलीस सांगतत म्हणान खरा वाटला.
पण ता लिवू नकात."
मी लिहिलं: अज्ञात.

परवा नवं कार्ड आलं.
सोबत गेलो, तोंड फिरवून उभा राहिलो.
टिक. टिक. टिक. बराच वेळ काही नाही. टिक.
बाहेर आल्यावर, चुंबळ डोक्यावर नीट बसवत, हळूच:
"ह्यो उलटो करून बघलंय. येगळो येता.
आता तरी येशात मां?"

रस्ता लिलावाकडे निघालेल्या टेम्पोंनी भरलेला.
मी खरं तेच बोललो,
पण हॉर्नात तिला ऐकू गेलं नसावं,
कारण ती समाधानाने मान डोलावून
चालू लागली.