नये

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हीटर खोकत सुरू होतो
आणि मी फळ्यावर लिहिते: राष्ट्रांमधला कायदा.
ग्रिम्सबी, गुरुवार, संध्याकाळचे सहा.
आज सातजण आहेत. मागच्या वेळी नऊ होते.
एकाला मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी लागली,
एकीने सरळच सांगितलं, मॅडम, यात काही राम नाही.

पहिला प्रश्न दरवर्षी तोच असतो.
यंदा तो अर्नी ब्लँचर्डने विचारला,
वय एक्याऐंशी, उजव्या हाताची दोन बोटं
ट्रॉलरवरच्या विंचच्या तारेत गेलेली:
"मोडला कायदा, तर धरायला कोण येतं?"

कोणी येत नाही, अर्नी.

माझे वडील मोजणी खात्यात होते.
साखळी ओढून, घाम पुसून, हद्दीचा दगड रोवायचे.
लोक हसायचे. म्हणायचे, साहेब,
हा दगड रात्री चालतो.
वडील टोपी झटकत म्हणायचे,
"चालला, हे सगळ्यांना कळतं ना?
दगड नसता तर तेही कळलं नसतं."

आमच्याकडे म्हणतात, बळी तो कान पिळी.
वर्गासाठी मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं.
अर्नी इतका हसला की त्याला ठसका लागला.
"आइसलँडकडे आरमारसुद्धा नव्हतं, बाई!
आधी चार मैल, मग बारा, मग पन्नास, मग दोनशे.
पाण्यावर रेघ ओढत गेले.
आमची जाळी कापली आणि वर बरोबर ठरले.
गोदीत आता बोटींपेक्षा सीगल जास्त."
मग बराच वेळ तो उरलेली बोटं चोळत बसला.
"रेघ बरोबरच होती म्हणा," तो म्हणाला,
कुणालाच उद्देशून नाही.

सेनाइत कधी प्रश्न विचारत नाही.
आज तिने एक घडी घातलेला कागद पुढे सरकवला,
घड्यांवर अक्षरं उडालेली. "यात," ती म्हणाली,
"'केलंच पाहिजे' हा शब्द कुठे आहे?"

मी बोट ठेवलं.
त्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं, आणि मनात
दुसराच शब्द आला, घरातला, मऊ, पोटात दगड असलेला.
परत धाडू नये.

नये.
तिन्हीसांजेला झोपू नये.
जेवणाऱ्याला ताटावरून उठवू नये.
उंबऱ्यावर बसू नये.
कोण आला होता धरायला? कोणी नाही.
तरी आम्ही उंबऱ्यावर बसलो नाही.
बसलो, तर ज्याने पाहिलं त्याने हाक मारली.

हे सगळं मी बोलले नाही. एवढंच म्हटलं,
हा शब्द आहे. पत्राच्या उत्तरात तो लिहा.
सेनाइत तीन वर्षं उंबऱ्यावरच बसली आहे,
ना आत, ना बाहेर.
तिने पेन मागितलं. माझं चाललं नाही, अर्नीने दिलं.

निघताना पाहिलं, बोलता बोलता
मी फळ्यावर नये लिहून ठेवलेलं.
"ही वरची आडवी रेघ कशाला?" अर्नीने विचारलं.
अक्षरं तिला लटकलेली असतात, मी म्हटलं.
"आणि पुसली तर?"
वाचता येतं तरी.
कष्टाने, पण येतं.

हीटर मीच बंद केला. फळा तसाच ठेवला.
खाली दाराशी वारा, खारट माशांचा वास,
आणि अर्नी एका हाताने दार धरून उभा,
सेनाइत बाहेर पडेपर्यंत.