बारा मिनिटं

वांद्रे-कुर्ला संकुलात, चौदाव्या मजल्यावर
मला बारा मिनिटं मिळाली.
त्यातली दोन प्रोजेक्टरने खाल्ली.
मग तो बंदच करा म्हटलं, आणि तोंडी बोलले.

मंडळी, मी हेमलता पाठारे.
फोर्टात, बँकेच्या तळघरात
एकतीस वर्षं फाटक्या नोटा मोजल्या.
बोटांना ओला स्पंज, नाकाला रुमाल,
मे महिन्यातसुद्धा पंखा बंद.
पैसा वाऱ्यावर उडतो
हे आम्हाला शब्दशः ठाऊक होतं.

हळदीच्या नोटा, बोंबलाच्या वासाच्या,
कुणाचा हिशोब, कुणाचा बदाम,
एकीवर नुसतंच, ‘कुंदा, ये.’
सगळ्यांना आम्ही भोक पाडलं.
नोट मरते, मी पाहिलंय.
आकडा मरत नाही.
तो वरच्या मजल्यावर बसून वाढत असतो.

धान्याला पोरकिडा, लोखंडाला गंज,
माझ्या गुडघ्यांना तर काय, सगळंच.
मग पैशालाच तेवढा अमरपट्टा कुणी दिला?

इथे थत्तेसाहेब हसले.
‘बाई, हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच सांगून झालंय.’
हो साहेब, सांगून झालंय.
ऐकून व्हायचंय.

तुम्ही कर्ज लिहिता, त्याच घटकेला ठेव उगवते.
तुम्हाला हे ठाऊक आहे, मलाही.
ठेवीदाराला नाही.
त्याला वाटतं, त्याचं बंडल
त्याच रबरबँडात तिजोरीत बसलंय, त्याची वाट बघत.

आता मुगभाटातली गोष्ट.
ज्या वर्षी चिल्लर गायब झाली,
वेलजी वाण्याने साबणाच्या खोक्याचे तुकडे कापले,
वर शिक्का मारला: आठ आणे, दिवाळीपर्यंत.
न्हाव्याने घेतले. दूधवाल्याने घेतले.
औषधवाला कुरकुरला, मग त्यानेही घेतले.
दिवाळीनंतर रद्दी, म्हणून कुणी गादीखाली ठेवले नाहीत.
कोपरा दुमडलेला एक तुकडा
गणपतीपर्यंत तीनदा माझ्याकडे आला,
दर वेळी थोडा अधिक मऊ.

लपवत नाही: न्हाव्याच्या भावाने
बटाट्याचा शिक्का करून वीसेक खोटे चालवले.
पकडला गेला, कारण त्याचा ‘ठ’ उलटा होता.
खोटं तुमच्याकडेही होतं साहेब,
फक्त तिथे अक्षरं सुलट असतात.

कर्जविभागाच्या लालबाईंनी विचारलं,
‘आणि बुडालं तर जबाबदार कोण?’
आत्ता बुडतं तेव्हा कोण असतं?
एसी गुरगुरत राहिला.
कुणीतरी बिस्किटाचा कागद हळूच उलगडला.

मी मानायला सांगत नाहीये.
एक फाइल उघडा, एवढंच.
एक वॉर्ड, एक वर्ष,
झिजणारा पैसा थोडासा चालवून बघा.
फसलं, तर फाइल माझ्याकडे पाठवा.
भोक पाडायची मला सवय आहे.

‘फार रंजक,’ थत्तेसाहेब म्हणाले,
आणि घड्याळाकडे न बघता
घड्याळाकडे बघितलं.
बारावं मिनिट आभारप्रदर्शनात गेलं.

खाली गेटवर गार्डने गळ्यातलं कार्ड मागितलं.
छातीवर नाव: खरटमल.
मी म्हटलं, राहू दे, पुन्हा यावं लागलं तर?
‘आजपुरतंच चालतं ते.
उद्या दाखवलंत तरी दार उघडत नाही.’

मला हसू आलं. का, ते त्याने विचारलं.
मग तिथेच, गाड्यांना सलाम ठोकता ठोकता,
त्याने सगळं ऐकलं. वेलजी, शिक्का, उलटा ‘ठ’.
एक गाडी तर सलामाशिवायच गेली.

‘म्हणजे धरून ठेवायचं नाही,’ तो म्हणाला, ‘हातातून हातात.’
हो.
‘वर सांगितलंत हे?’
सांगितलं. तुम्हीच जाऊन सांगा एकदा, पटकन कळलं तुम्हाला.

त्याने टोपी काढून घाम पुसला.
‘आमचं कार्ड तिसऱ्यापर्यंतच चालतं, बाई.’