ओव्हर

पाच रस्त्याच्या कोपऱ्यावर, बँकेच्या डोक्यावर
चौदा खाटांचं आमचं नर्सिंग होम.
रात्री आठला मी ओव्हर घेते,
म्हणजे दिवसभराची माणसं
दुसरीच्या अक्षरातून उचलून
आपल्या अंगावर घेते.
ग्रेसीचं अक्षर बारीक, उताराला लागलेलं.
घरी तिचं पोर तापलेलं असतं,
शेवटच्या दोन ओळी ती चपला घालता घालता लिहिते :
खाट चार, टाके कोरडे.
खाट सहा, टिपणीस. जेवले. इन्सुलिन बाकी.
मी खाली सही करते.
सही म्हणजे, पाहिलं नाही, पण मानलं.

इंदुबाई घाडीगावकरांचं नाव या वहीत येत नाही.
'आयाबाई' असं येतं, तेही चादरी कमी भरल्या तर.
बावीस वर्षं त्या पॉट देतात, पॉट नेतात,
ताटं देतात, ताटं नेतात,
आणि चादर अशी ओढून खोचतात
की एका सुरकुतीनं कुणाची पाठ सोलू नये.

दोन वर्षांपूर्वी खाट अकराची नथ हरवली.
जिन्यावर, सगळ्यांसमोर
इंदुबाईंची पिशवी उलटी केली.
डबा, पास, फडक्यात बांधलेला चष्मा,
चार आमसुलं.
मी तेव्हा एका बाईंचा बीपी घेत होते.
घेऊन झाला होता.
पुन्हा घेतला.
पुन्हा.
नथ संध्याकाळी उशीच्या अभ्र्यात सापडली.
पिशवी त्यांनी स्वतःच भरली होती तोवर,
आमसुलं एकेक पुसून.
त्यानंतर त्या मला 'अगो' म्हणायच्या थांबल्या.
'सिस्टर' म्हणू लागल्या. नीट, अदबीनं.
ते फार लागायचं.

काल रात्री सव्वानऊ.
माझ्या हातात सुई, सोळा युनिट,
वहीत जेवले, खाली माझी सही.
टिपणीस आजोबा डोळे मिटून, कपाळ ओलं;
पंख्याखाली, आणि ओलं. मला दिसलं नाही.
दारातून, बादली खाली न ठेवता :
'सिस्टर, तेंनी जेवूक नाय हा.
ताट मीच नेलंय. वरणभात तसोच होतो.'

बावीस वर्षांत त्या कुणाच्या सुईच्या मधे आल्या नव्हत्या.
एक क्षण होता.
त्या क्षणात मी वही मानू शकले असते.
बोटाला टोचलं. मशीनवर अठ्ठावन्न.
सोळा युनिट मी ट्रेमध्ये ठेवली,
हात माझा, पण थरथर दुसऱ्याच कुणाची तरी.
ग्लुकोज शिरेतून गेलं. मान इंदुबाईंनी धरली,
जशी तान्ह्याची धरतात,
पण चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं,
काम होतं.

डॉक्टर उमराणीकर झोपेतून आले, पाहिलं,
माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, शाब्बास.
मी 'थँक्यू सर' म्हटलं.
इंदुबाई बादली घेऊन गेल्या होत्या.
की नव्हत्या? मी वळून बघितलं नाही.

पहाटे पाच. खाली दूधवाल्याचे क्रेट आपटतात.
मी वही उघडते.
चूक लिहायची तर ग्रेसीचं पोर मधे येतं,
आणि मग माझी सही येते.
दोन्ही लिहिलं : नोंद चुकीची. मी तपासली नाही.
ग्रेसी माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही,
मेट्रन बोलेल, ते वेगळं.
मग पेन थांबलं, आणि पुढे गेलं :
'रुग्ण जेवला नसल्याचे
इंदुमती घाडीगावकर यांनी सांगितले.
म्हणून डोस दिला नाही.'

बाई, बघा, म्हणून वही पुढे केली.
फडक्यातून चष्मा निघाला.
बोट ओळीवर ठेवून त्या वाचत गेल्या,
नावापाशी आल्या, बोट तिथे जरा राहिलं,
मग पुढच्या ओळीवर सरकलं, ती कोरी होती.

चष्मा परत फडक्यात गेला.
जिन्याबद्दल मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या :
'अगो, फिनेल संपला हा.
तां पण लिव.'