दहा मीटरचा चौकोन

शिरढोणच्या मळीत सगळा ऊसच आहे
असं यंत्र म्हणतं. मीही म्हणायचो,
शाहूपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून, आठ महिने:
हा आडसाली, हा खोडवा,
तो खालचा नऊ दिवस पुरात उभा होता.
आमच्या पडद्यावर तजेलदार पीक तांबडं दिसतं.
घरी सांगितलं, तर आई म्हणाली, डोळे तपासून घे.

एक चौकोन तेवढा ऐकत नव्हता.
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद,
म्हणजे मोजून एक गुंठा.
सभोवार ऊस चढत चाललेला,
आणि हा श्रावणात फिका, आश्विनात गडद,
कार्तिकात एकाएकी नुसती माती,
पौषात परत तांबडा.
यंत्रानं त्यावर राखाडी ठिपका ठेवला: अनिश्चित.

माघात गाडी बांधावर लावली,
मोबाइलवर अक्षांश धरून सरीत शिरलो.
पाल्यानं कान कापले. वारा नाही, आवाज नाही,
आणि मग एकदम उजेड.

पद्माक्का मगदूम शेंगा तोडत होत्या.
"ह्यो एक गुंटा माजा," त्या म्हणाल्या,
"ऊस लावतानाच मागून घेतला.
कारखान्याचं बिल येतंय तवा येऊ दे,
चूल काय तवर दम धरत न्हाई."
नाचणी निघालेली, वर घेवडा,
कडेनं अंबाडी, चार मिरच्या,
एका कोपऱ्यात जवस, "गुडघ्यांसाठी."

मी आभाळाकडं बोट केलं. सांगितलं.
त्यांनी पदर कपाळावर धरून वर बघितलं.
"कवा येतंय त्ये?"
"दर पाच दिवसांनी. अकराच्या सुमारास."
"आनि ढग आसलं तर?"
"तर काही दिसत नाही."
"आसू दे. मी आसतो की हितं."

फॉर्ममध्ये होतं: पीक निवडा.
ऊस, सोयाबीन, भात, भुईमूग, इतर.
एकच खूण चालते.
मी बराच वेळ अंगठा वर धरून उभा राहिलो
आणि मग 'इतर'वर टेकवला.
त्यांनी माझ्या रुमालात शेंगा बांधल्या.
रात्री आईनं त्या 'इतर'ची आमटी केली.

पुढच्या फेरीला राखाडी ठिपका गेला.
यंत्राला आता असा एक ठाऊक झाला होता.
त्यानं नदीच्या कडेकडेनं, पार तेरवाडपर्यंत,
तसलेच आणखी एकोणीस काढून दाखवले,
उसाच्या पोटात एकेक गुंठा.

सोमवारी निघायचंय.
रुमाल पुरणार नाही.