राखीव

पुतण्या परत आला बार्सिलोनाहून.
मोबाइलमध्ये एका स्टेडियमचे दोनशे अकरा फोटो:
काचेतले कप, काचेतले बूट,
काचेत हिरवळीचा एक तुकडासुद्धा, दिव्याखाली.
तिकिटाच्या पैशात आमचा आठवड्याचा किराणा.
बाबा चष्मा कपाळावर चढवून पाहत राहिले.
"गवत बराबर कापलं आहे पोट्ट्यांनी," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, चल, आपलंही दाखवतो.

धंतोली. डिसेंबरातला मंगळवार.
अधिवेशन चालू, म्हणून स्टेडियमला मोर्चे लागलेले:
गुलाबी साड्यांतल्या अंगणवाडीच्या बाया,
पगाराविना म्हातारे होत चाललेले मास्तर.
गोलच्या दोन खांबांना कुणी दोरी बांधली होती,
दोरीवर टॉवेल वाळत होते
आणि वारा एकसारखा गोल करत होता.

बाबा आत आले नाहीत.
"तुम्ही जा. माह्या पायात गोळा आला."
स्कूटरला टेकले टपरीसमोर,
हातात पोह्यांची प्लेट.

म्युझियम म्हणजे जिन्याखालची खोली.
किल्ली दौलतजींकडे.
चुन्याच्या रेषा मारून मारून
त्यांच्या नखांत पांढरं बसलंय कायमचं.
"काहून जी, आज कोणाले आठवण आली?"
कुलूप निघालं. आधी वास बाहेर आला:
रॉकेल, ओलं चामडं, उंदीर.

एका कपाला एकच कान.
ढालीवरची कंपनी केव्हाच बुडालेली.
चामड्याचा चेंडू, शिवण उसवलेला,
आतला ब्लॅडर जिभेसारखा बाहेर.
कामठीच्या कुणा हाफिजचे बूट,
तळाला ट्रकच्या टायरचा तुकडा ठोकलेला.
रेफ्रीची शिटी.
पुतण्यानं फुंकून पाहिली. वाजली.
बाहेरच्या घोषणा क्षणभर थांबल्या.

काच कुठेच नव्हती,
म्हणून सगळ्याला हात लावता आला.

मग ते रजिस्टर, लाल कापडाच्या पाठीचं.
एकोणीसशे अडुसष्ट. फायनल. मिलचा संघ.
मी फिकट शाईवरून बोट नेत गेलो.
गोलरक्षक: आय. सवरीमुथू.
आणि पार खाली, रेघ मारून, रेघेच्याही खाली,
राखीव: मोतीराम ल. हेडाऊ.

आमच्या घरात ती पेनल्टी
रोजच्या ताटात मिठासारखी होती.
डावीकडे झेप, करंगळी मोडलेली,
ती अजून वाकडी.
आई पाहुण्यांना करंगळी दाखवायची,
बाबा नको नको म्हणत हात पुढे करायचे.
माझं लग्न अर्धं त्या करंगळीवर जुळलं.

दौलतजी माझ्या खांद्यावरून वाचत होते.
"लिहिणारा मास्तर मध्यंतरात जेवाले जाये,
मंग येतच नसे. नंतरचं कोण लिहिते?"
हे खरं की दया, मला कळलं नाही.
पुतण्यानं मोबाइल वर केला होता,
तो न बोलता खिशात ठेवला.

बाहेर आलो.
"दिसलं का नाव?" नजर प्लेटमध्येच.
"दिसलं."
"हेडाऊतला ऊ मोठा लिहिला आहे ना?"
"मोठा."
त्यांनी मान डोलावली, बराच वेळ.

एवढ्यात मोर्चा उठला.
गुलाबी गर्दीचा धक्का स्कूटरला,
सीटवरचं हेल्मेट घसरलं डावीकडे,
आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस
वाकला नाही, सरळ
हवेत आडवा झाला.

रस्त्यापासून वीतभर वर
डाव्या हातात हेल्मेट.
गुडघा फुटलेला. पोहे सगळीकडे.
"अगं बाई, आजोबा!" एक अंगणवाडीताई ओरडली.
तिच्या हातात फलक होता, पेन नव्हतं.

आम्ही उठवलं. बाबांनी हेल्मेट बाहीला पुसलं,
माझ्याकडे न पाहता माझ्या हातात दिलं.
"दुसरी प्लेट सांग," म्हणाले,
"अन् तर्री जास्त टाकाले सांग त्याले."